एक पांघरूण, दोन जीव : जोडप्यासाठी स्लीपिंग बॅग निवडताना

गेल्या दहा-पंधरा वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या सुट्टीचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे तीर्थयात्रा, नात्यातील लग्नकार्य किंवा फार तर माथेरान-महाबळेश्वरचा दोन दिवसांचा मुक्काम असे. आता घरातील तरुण मंडळी पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याच्या परिसरात किंवा थेट हिमाचल-उत्तराखंडात तंबूत राहण्याचे बेत आखतात आणि हळूहळू आई-वडिलांनाही त्यात ओढतात. हे चांगलेच आहे. दुकानाची वेळ, मालाची ने-आण आणि उधारीची वसुली यांत ज्या पती-पत्नींना वर्षभर निवांत बोलायला मिळत नाही, त्यांना उघड्या आकाशाखालची एक रात्र पुष्कळ काही देऊन जाते.

मात्र ती रात्र सुखाची जावी की कुडकुडत जावी, हे एका साध्या वस्तूवर अवलंबून असते, आणि ती वस्तू म्हणजे स्लीपिंग बॅग. तंबू आपण चार ठिकाणी चौकशी करून घेतो. बूट पायात घालून, चालून पाहून घेतो. स्लीपिंग बॅग मात्र बहुधा रंग आणि किंमत पाहून घेतली जाते. त्यातही ‘दोघांसाठी एकच’ अशी दुहेरी बॅग घ्यायची असेल, तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. दोघांपैकी एकाला थंडी अधिक वाजते, एकाला रात्री दोनदा उठावे लागते, एक शांत झोपतो तर दुसरा कूस बदलत राहतो. या सर्वांचा मेळ एका पांघरुणात घालावयाचा आहे. म्हणून ही खरेदी कशी करावी, याचा थोडा सविस्तर विचार येथे करू.

कापडाच्या व्यापाऱ्याची कल्पना

आपल्या वाचकांना गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, बाजारात विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर आलेली आरंभीची स्लीपिंग बॅग एका कापड व्यापाऱ्याने आणली. वेल्समधील न्यूटाउन या गावी प्राइस प्राइस-जोन्स यांचे कापडाचे दुकान होते. टपालाने मागणी घेऊन रेल्वेने माल पाठविण्याचा व्यवसाय ज्यांनी प्रथम नावारूपास आणला, त्यांत त्यांची गणना होते. १८७६ मध्ये त्यांनी ‘युक्लिसिया रग’ या नावाने एका लोकरी गुंडाळीचे पेटंट घेतले. कांबळे, त्यातच हवा भरण्याची रबरी उशी आणि गुंडाळून बंद करण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. रशियाच्या सैन्याने त्यांच्याकडे ६०,००० नगांची मागणी नोंदविली होती.

एका पिशवीत दोघांनी झोपण्याची कथा अधिक थरारक आहे. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन आणि त्यांचे सहकारी यालमार योहान्सेन यांनी मार्च १८९५ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज सोडले आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ते उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले. वजन वाचावे आणि ऊबही मिळावी म्हणून दोघांनी एकच पिशवी वापरली. ध्रुव त्यांना गाठता आला नाही. परतताना फ्रान्झ जोसेफ लँड या बर्फाळ द्वीपसमूहात दगडांची झोपडी उभारून त्यांनी संपूर्ण हिवाळा एकमेकांच्या आधाराने काढला. इतके महिने एका पांघरुणात झोपूनही ते दोघे एकमेकांना आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणत होते आणि १८९५च्या वर्षअखेरीस कुठे ‘तू’वर आले, असे सांगितले जाते. आपल्याकडील जुन्या पिढीतील ‘अहो-जाहो’ची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

या कथेत एक व्यावहारिक धडा आहे. दोघांची पिशवी ही मुळात चैनीसाठी निर्माण झाली नाही. कमी वजनात अधिक ऊब मिळविण्याचा तो उपाय होता. आज आपण ती घेतो, तेव्हाही हाच निकष डोळ्यांपुढे ठेवावा.

पिशवी ऊब देत नाही, राखते

स्लीपिंग बॅगमध्ये कोणतीही उष्णता नसते. उष्णता निर्माण करते ते आपले शरीर. झोपलेला प्रौढ माणूस ढोबळमानाने सत्तर ते शंभर वॅट इतकी उष्णता बाहेर टाकीत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. पिशवीचे काम एवढेच, की शरीराभोवतीची हवा स्थिर ठेवावी आणि ती उष्णता निसटू देऊ नये.

हे तत्त्व आपल्या घरातील दुलईला कळत होते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला की तीच दुलई पुन्हा उबदार होई. कापूस तितकाच असे. पिंजल्यामुळे त्यात हवा खेळे आणि तीच हवा थंडी अडवी. गाठी झालेली जुनी दुलई जड असूनही थंड लागते ती याच कारणाने. स्लीपिंग बॅगच्या बाबतीतही वजन किती, यापेक्षा ती उलगडल्यावर किती फुगते हे पाहावे.

आता दोन माणसे एकाच पिशवीत आली की दोन गोष्टी घडतात. एक अनुकूल : दोन शरीरांची उष्णता एकाच जागेत साठते आणि दोघांच्या मधली बाजू थंडीला उघडी राहत नाही. दुसरी प्रतिकूल : पिशवी रुंद असल्याने आत रिकामी जागा अधिक असते, तोंडाशी उघडा भाग मोठा असतो आणि एक जण हलला की गरम हवा बाहेर जाऊन गार हवा आत येते. दुहेरी बॅग अधिक उबदार की कमी, याचे उत्तर म्हणूनच तिच्या रचनेत आणि झोपणाऱ्यांच्या सवयीत असते.

लेबलावरचे तीन आकडे

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना ताळेबंदातील शेवटची बेरीज पाहून कोणी निर्णय घेत नाही; ती बेरीज कशाची आहे हे पाहिले जाते. स्लीपिंग बॅगच्या लेबलावरील तापमानाचेही तसेच आहे.

युरोपात यासाठी पूर्वी ईएन १३५३७ हे प्रमाण होते. पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ या प्रमाणाने घेतली. या चाचणीत तापविता येणारा मानवाकृती पुतळा अंगभर कपडे घालून, खाली मॅट अंथरून, पिशवीत झोपवितात आणि त्यातून किती उष्णता निसटते हे मोजतात. त्यावरून मुख्यतः तीन आकडे दिले जातात.

पहिला ‘कम्फर्ट’. सर्वसाधारण स्त्री ज्या तापमानाला सैल, स्वस्थ अवस्थेत थंडी न वाजता झोपू शकेल, तो हा आकडा.

दुसरा ‘लिमिट’. सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, पण झोप घेऊ शकेल, ती ही मर्यादा. पहिल्या आकड्यापेक्षा ती साधारण पाच-सहा अंशांनी खाली असते.

तिसरा ‘एक्स्ट्रीम’. या तापमानाला झोप लागणे अपेक्षितच नाही. काही तास जीव तगून राहावा, एवढाच त्याचा अर्थ. तरीही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरण्याची भीती त्यात असतेच.

काही विक्रेते हा तिसरा आकडाच मोठ्या अक्षरांत दाखवितात. ‘उणे दहापर्यंत चालते’ असे ऐकून आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तिचा कम्फर्ट आकडा शून्याच्याही वर असू शकतो. म्हणून नियम एकच : कम्फर्ट आकडा विचारावा, आणि दोघांपैकी ज्याला थंडी अधिक वाजते त्याच्यासाठी तो पुरेसा आहे का हे पाहावे. दोघांची सरासरी काढू नये. एकाला उकडले तर तो बाजूची चेन थोडी उघडू शकतो. दुसऱ्याला थंडी वाजली तर त्याच्या हाती काही उपाय उरत नाही.

आणखी एक बाब लक्षात असावी. चाचणीचा पुतळा एक असतो आणि पिशवीत नीट बंद करून ठेवलेला असतो. दुहेरी पिशवीत दोन जिवंत, हलणारी माणसे झोपणार आहेत. म्हणून दुहेरी बॅग घेताना जाण्याच्या ठिकाणी अपेक्षित असलेल्या किमान तापमानापेक्षा पाच अंश तरी अधिक सुरक्षित अशी निवडावी.

जायचे कोठे, हे आधी ठरवा

सह्याद्रीत तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही येतो. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत सखल भागी साचते. त्यामुळे डोंगरमाथ्यापेक्षा खालच्या तळ्याकाठी पहाट अधिक बोचरी असू शकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या याच कारणाने. सह्याद्रीसाठी पाच ते दहा अंश कम्फर्ट असलेली बॅग बहुतेक वेळा पुरते.

उंची वाढली की दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. कळसूबाई १,६४६ मीटर. स्पितीतील चंद्रताल सुमारे ४,३०० मीटर. सह्याद्रीसाठी घेतलेली बॅग घेऊन हिमालयात जाणे म्हणजे मुंबईचा पावसाळी रेनकोट घालून बर्फात उतरणे होय. उत्तराखंडातील केदारकंठासारख्या हिवाळी वाटेवर रात्री पारा शून्याच्या बऱ्याच खाली जातो. तेथे दोघांनी एका पिशवीत झोपण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येकाने अंगासरशी बसणारी, डोके झाकणारी स्वतंत्र बॅग घ्यावी. दुहेरी बॅग ही सौम्य थंडीची सोबतीण आहे.

आत भरले काय आहे?

आपल्या कुटुंबांसाठी हा प्रश्न ऊब आणि किंमत यांच्याही आधीचा आहे. स्लीपिंग बॅगमधील भरण मुख्यतः दोन प्रकारचे असते : पिसांचे आणि कृत्रिम तंतूंचे.

पिसांच्या भरणाला ‘डाउन’ म्हणतात. बदक किंवा हंस यांच्या छातीवरील मऊ लव त्यासाठी घेतात. ती वजनाला अत्यंत हलकी, दाबल्यावर लहान होणारी आणि अतिशय उबदार असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती बहुतांशी मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांपासून मिळते, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसे उपटण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. यावर उपाय म्हणून २०१४ पासून ‘रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड’ नावाचे प्रमाणपत्र दिले जाते. पक्ष्याला कसे वागविले, एवढीच हमी ते देते. पक्ष्याची हत्या झाली नाही असे ते म्हणत नाही. ज्या घरात अहिंसा हा आचार आहे, त्यांच्यासाठी प्रश्न या प्रमाणपत्राने सुटत नाही.

सुदैवाने पर्याय उत्तम आहे. पॉलिएस्टरच्या पोकळ किंवा अतिसूक्ष्म तंतूंचे भरण आता सर्वत्र मिळते. ओल्या अवस्थेतही उबदार राहील असा पिसांचा पर्याय हवा, या अमेरिकी सैन्याच्या गरजेतून १९८०च्या दशकात ‘प्रायमालॉफ्ट’ हा तंतू विकसित झाला. कृत्रिम भरणाचा हाच मोठा गुण आहे : दव, गळका तंबू किंवा सांडलेले पाणी यांनी पिसांची बॅग गोळा होऊन निकामी होते; तंतूंची बॅग पुष्कळशी ऊब टिकविते आणि लवकर वाळते. ती स्वस्तही असते. तिचे दोष दोन : वजन आणि आकारमान अधिक, आणि वारंवार घट्ट दाबून ठेवल्यास काही वर्षांत तिची फुगण्याची शक्ती कमी होते.

खरेदी करताना केवळ कंपनीचे वा तंतूचे नाव ऐकून थांबू नये. काही भरणांत पिसे आणि तंतू यांचे मिश्रण असते. आतील लेबलावर ‘डाउन’, ‘डक’, ‘गूज’ किंवा ‘फेदर’ यांपैकी शब्द असेल तर ती बॅग बाजूला ठेवावी. ‘पॉलिएस्टर शंभर टक्के’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. हीच दक्षता आतील अस्तर-पिशवीबाबत, म्हणजे ‘लायनर’बाबत घ्यावी. महागडे लायनर पुष्कळदा रेशमाचे असतात. त्याऐवजी सुती किंवा मायक्रोफायबरचे घ्यावे. सुती लायनर धुण्यास सोपे असते. दमट हवेत मात्र ते ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळी सहलीस मायक्रोफायबर बरे.

अखंड दुहेरी की जोडलेल्या दोन?

बाजारात दोघांच्या सोयीचे तीन मार्ग आढळतात.

पहिला, अखंड दुहेरी बॅग. आत घरच्या गादीसारखी ऐसपैस जागा मिळते, मध्ये जोड नसतो. परंतु कृत्रिम भरणाची अशी बॅग बहुधा तीन किलोंच्या पुढे जाते आणि तिची गुंडाळी लहान गाठोड्याएवढी होते. हे ओझे कोणा एकाच्याच पाठीवर येते. गाडी तंबूपर्यंत जात असेल तर हरकत नाही. चालत जायचे असेल तर हा पर्याय सोडून द्यावा.

दुसरा, वेगळी करता येणारी दुहेरी बॅग. चेन पूर्ण उघडली की तिच्या दोन स्वतंत्र बॅगा होतात.

तिसरा, जोडता येणाऱ्या दोन एकेरी बॅगा. आयताकृती बॅगांची चेन बाजूने खाली उतरून पायाशी वळते आणि तळाशी सुटी होते. एकाच नमुन्याच्या अशा दोन बॅगा उलगडून एक खाली व एक वर अंथरल्या की चेनी सहसा जुळतात. डोक्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळत्या, टोपी असलेल्या ‘ममी’ आकाराच्या बॅगा जोडायच्या असतील, तर एकीची चेन डावीकडे व दुसरीची उजवीकडे हवी. दोन्ही प्रकारांत चेनीची लांबी, दातांचा आकार आणि बनावट एकच असली पाहिजे. दुकानदार ‘जुळेल’ म्हणाला तरी दोन्ही बॅगा तेथेच जमिनीवर अंथरून चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहावी. ज्या माणसाने आयुष्यभर थान उलगडून, पोत पाहून माल घेतला, त्याला हे सांगावे लागू नये.

हिशेबाची बाजू

आता थोडा हिशेब मांडू. किंमती बाजारात वेगवेगळ्या असतात. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी धरले आहेत. समजा, अखंड दुहेरी बॅग ६,००० रुपयांना मिळते आणि जोडता येणाऱ्या दोन एकेरी बॅगा ७,००० रुपयांना. पहिल्या नजरेत एक हजार रुपये वाचतात.

पती-पत्नी वर्षाला सहा रात्री तंबूत राहतात असे धरले, तर पाच वर्षांत ३० रात्री, म्हणजे दोघांच्या मिळून ६० झोपा होतात. दुहेरी बॅगेचा दर प्रत्येक झोपेमागे १०० रुपये पडला. एकेरी बॅगा याच ६० झोपांना तर उपयोगी पडतातच; शिवाय मुलाला गिर्यारोहणाला, मुलीला महाविद्यालयाच्या शिबिराला, कोणाला रेल्वेप्रवासात वा धर्मशाळेच्या मुक्कामात त्यातील एक नेता येते. वर्षाला अशा दहा झोपा धरल्या तर पाच वर्षांत ५० वाढल्या. एकूण ११० झोपा, आणि दर सुमारे ६४ रुपये. महाग दिसणारी वस्तू स्वस्त ठरली.

व्यापाराच्या भाषेत, दुहेरी बॅग म्हणजे एकाच जागी अडकलेले भांडवल, तर दोन एकेरी म्हणजे फिरते भांडवल. बहुतेक कुटुंबांनी दुसरा किंवा तिसरा मार्ग स्वीकारावा, असे माझे मत आहे. गाडीने जाणाऱ्या, दरवर्षी हटकून सौम्य थंडीतच तंबू ठोकणाऱ्या जोडप्याने मात्र अखंड दुहेरी खुशाल घ्यावी.

एका वेळेपुरतेच जायचे असेल, तर खरेदीची घाईही करू नये. बऱ्याच सहल-आयोजकांकडे बॅगा भाड्याने मिळतात. भरण कशाचे आहे हे विचारावे आणि स्वतःचे लायनर न्यावे.

बारीकसारीक, पण महत्त्वाचे

दुहेरी बॅगेतील ऊब सर्वांत अधिक निसटते ती दोन मानांच्या मधल्या फटीतून. म्हणून खांद्याशी आवळता येणारी दोरी आणि कापसाच्या लोडासारखी भरलेली गळपट्टी असलेली बॅग निवडावी. ती नसेल तर शाल गुंडाळून दोघांच्या मध्ये खोचावी. डोके उघडे राहते, त्यासाठी आपली जुनी माकडटोपी अजूनही अजोड आहे. तोंड पिशवीत घालून झोपू नये. श्वासातील ओलावा भरणात शिरतो आणि पहाटेपर्यंत ते गार पडते.

चेनीच्या मागे आतून भरलेली पट्टी असावी, नाहीतर चेनीच्या रेषेतून वारा लागतो. चेन आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडणारी असावी. शक्यतो दोन्ही बाजूंना स्वतंत्र चेन असावी. साठीच्या पुढे रात्री उठावे लागणे हे सर्वांच्याच वाट्याला येते. जोडीदाराची झोप न मोडता, पांघरूण न उचकटता बाहेर पडता आले पाहिजे.

मापाकडेही पाहावे. दुहेरी बॅगेची आतील रुंदी सुमारे दीड मीटर असते. ‘दोघांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक तंबूंची रुंदी यापेक्षा कमी असते. बॅग घेण्यापूर्वी तंबूच्या जमिनीचे माप घेऊन जावे. बॅग तंबूच्या भिंतीला टेकली की तेथे साठलेले दव थेट तिच्यात उतरते.

खालची बाजू विसरू नये

अंगाखालील भरण आपल्याच वजनाने दबते आणि त्यातील हवा निघून जाते. म्हणून कितीही उत्तम बॅग असली तरी खाली मॅट नसेल तर जमीन ऊब शोषून घेते. मॅटची थंडी अडविण्याची क्षमता ‘आर-व्हॅल्यू’ या अंकाने सांगतात; अंक जितका मोठा, तितकी क्षमता अधिक. एकावर एक ठेवलेल्या दोन मॅटचे अंक बेरजेने वाढतात, ही सोयीची गोष्ट आहे.

दोघांसाठी दोन अरुंद मॅट शेजारी-शेजारी ठेवल्या की मध्यरात्री त्या सरकतात, आणि नेमक्या त्याच भेगेत एक जण घसरतो. दोन पट्ट्यांनी त्या एकमेकींना बांधाव्यात किंवा वर एक जाड चादर खोचून घ्यावी.

निजण्यापूर्वी

शरीर ही भट्टी असेल, तर तिला इंधन हवे. ज्यांचा चौविहार असतो, त्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते आणि पहाटेची कडाक्याची थंडी त्यानंतर दहा-बारा तासांनी येते. नियम मोडण्याचे काही कारण नाही. नियोजन मात्र हवे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण हलकेफुलके न ठेवता तूप, डाळ, सुकामेवा यांनी युक्त असावे. दिवसा पाणी पुरेसे प्यावे. संध्याकाळी उकळलेले पाणी पोलादी बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पिशवीच्या पायथ्याशी ठेवावे. बराच वेळ ते पाय गरम ठेवते. थंडगार पडलेल्या अंगाने पिशवीत शिरू नये. आधी पाच मिनिटे चालून अंग तापवावे, दिवसाचे घामट कपडे बदलून कोरडे घालावेत.

पिशवीत शिरण्यापूर्वी आणि सकाळी गुंडाळण्यापूर्वी ती हलकेच झटकून, आतून-बाहेरून पाहून घ्यावी. मुंगी, कोळी, नाकतोडा उबेसाठी आत शिरलेला असतो. त्याची जयणा आणि आपली सुरक्षितता, दोन्ही त्यात साधतात.

आणि एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगावयाची आहे. थंडी कितीही वाजली तरी तंबूत कोळशाची शेगडी, स्टोव्ह किंवा गॅस पेटवून झोपू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. बॅग अपुरी पडली तर कपडे वाढवावेत, जवळच्या वस्तीचा आश्रय घ्यावा, गाडीने खाली उतरावे. विस्तव आत आणू नये.

तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या पिशवीत मध्ये घेऊन झोपण्याचा मोहही टाळावा. गुदमरण्याचा धोका खरा आहे. तापमानाचे वर सांगितलेले प्रमाण लहान मुलांच्या बॅगांना लागू नाही, हेही आई-वडिलांनी ध्यानात ठेवावे. हृदयविकार, मधुमेह किंवा दम्याचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारूनच अशा थंडीत मुक्काम करावा.

घरी परतल्यावर

रात्रभरात दोघांच्या श्वास-घामातून पेलाभराहून अधिक ओलावा निघतो आणि त्यातील काही भरणात मुरतो. सकाळी चेन पूर्ण उघडून बॅग तासभर वाऱ्यावर टाकावी. घरी आल्यावर ती लहान थैलीत कोंबून माळ्यावर टाकू नये. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी किंवा कपाटात टांगावी. नाहीतर पुढच्या वर्षी पिंजाऱ्यालाही न फुगणारी चपटी गोधडी हाती येईल. धुणे क्वचितच, सौम्य साबणाने, आणि सावलीत पूर्ण वाळवून. लायनर वापरल्यास धुण्याची वेळ कमी येते. ड्राय क्लीनिंगला देऊ नये. डांबरगोळ्यांऐवजी वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी पुरेशी आहे.

हे सर्व वाचून एखाद्यास वाटेल, एका रात्रीच्या झोपेसाठी इतका खटाटोप कशाला? पण विचार करून पाहावा. दुकानाची किल्ली खिशात नाही, दूरध्वनी वाजत नाही, उद्याच्या हुंडीची चिंता चार प्रहर दूर आहे, अशा रात्री आपल्या व्यापारी माणसाच्या आयुष्यात मोजक्याच. त्यांतील एक थंडीने दात वाजवीत आणि एकमेकांवर चिडत घालवावी, यासारखा तोटा नाही. एकत्र झोपण्याची सोय असावी, सक्ती नसावी. ऊब दोघांना पुरावी, आणि तिच्यासाठी कोणत्याही जिवाला पिसे गमवावी लागू नयेत. एवढे तीन निकष ज्या बॅगेत उतरतील, ती आपली. येत्या हिवाळ्यातील आपली सहल सुखाची होवो.